संपादकहो, किल्ल्यासाठी आठ पानं द्या

प्रति,
मराठी दिवाळी अंकांचे आणि मुलांच्या मासिकांचे संपादक

सप्रेम नमस्कार.

चार वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकाकडे बारा फुलस्केप पानं पाठवली होती. महिनाभरात ती साभार परत आली. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती. कल्पना छान आहे, पण कथेला शेवट नाही. शेवट लिहून पाठवलात तर पुढच्या वर्षी विचार करू. चिठ्ठी आपुलकीनं लिहिलेली होती, हे मी आजही मानते. तिचं उत्तर मात्र माझ्याकडून राहून गेलं. ते आज आपणा सर्वांनाच लिहिते आहे, कारण ही अडचण काही त्या एकाच संपादकाची नाही.

त्या पानांना शेवट नव्हता, कारण ती कथा नव्हतीच, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात खेळायचं एक साहस होतं; शेवट लिहिणं माझ्याकडे नव्हतंच. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात तलावाच्या बाजूच्या तटाशी पावसानं माती खचते आणि खाली उतरणारा एक जिना दिसतो. जिना अर्थात कल्पनेतला. खाली सात खोल्या, तीन वाटा, एक बंद दार, आणि कित्येक वर्षं कुणाशी न बोललेला एक राखणदार. कोण आधी उतरतं, राखणदाराशी कुणी बोलतं की त्याच्यावर चाल करून जातं, बंद दार उघडतं की तसंच राहतं, हे टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच मुलांनी ठरवायचं. मी शेवट लिहिला असता तर त्यांना करायला काय उरलं असतं?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण सूत्रधार होतो. त्याला सगळीकडे डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. आमच्याकडे मुलं सूत्रधारच म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, त्याला नाव देतात, त्याचे गुण आणि सामान कागदावर लिहितात. सूत्रधार समोरचं दृश्य सांगतो आणि विचारतो, ‘आता काय करता?’ मुलं सांगतात. जे सहज जमेल ते जमतं. जे जमेल की नाही ठाऊक नाही, तिथे फासा पडतो. पट नसला तरी चालतं, सोंगट्या नसल्या तरी चालतं. जिंकणं-हरणंही ठरलेलं नसतं. भातुकलीत आपण सगळेच हे केलेलं आहे. फरक एवढाच की इथे भातुकलीला नियम आहेत आणि फाशाचा कौल सगळ्यांना मानावा लागतो.

पण नुसतं एवढं सांगून आपलं मन वळणार नाही, म्हणून एक पन्नाशीचा अंक आपल्यापुढे ठेवते आणि त्याचं परीक्षण करते. अंकाचं नाव ‘द ड्रॅगन’. जून १९७६, अंक पहिला, संपादक टिम कॅस्क. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहान गावातून तो निघाला. त्या गावच्या गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह अर्नेसन यांच्यासोबत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली काढला होता. पहिली आवृत्ती फक्त १००० खोक्यांची, खोकी घरात बसून हातानं भरलेली, किंमत दहा डॉलर. १९७५ साली त्यांनी ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. त्याचे सात अंक निघाले आणि मग हे मासिक आलं.

माझ्या हातात ते आलं ते सीडीवरून. १९९९ साली या मासिकाचे पहिले २५० अंक पाच सीडींवर एकत्र निघाले होते. माझा मामेभाऊ पुण्यात नोकरीला होता, त्यानं त्या कुणाकडून तरी मिळवून आणल्या. पहिला अंक मी कृष्णधवल छापून घेतला आणि नव्या पेठेत बाइंडिंग करून घेतला. त्याचे कोपरे आता मऊ पडले आहेत.

त्याच सीडीवरच्या पुढच्या एका अंकातला तळघराचा नकाशाही मी छापला होता. तो टेबलावर पडलेला असताना माझे वडील आले. वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी आयुष्यभर जॅकार्डच्या चादरींचे ग्राफ काढले. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चादरीवर मोर काढायचा तर आधी तो चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. एक चौकट म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. चौकट भरली तर तिथला उभा धागा उचलायचा, रिकामी असली तर नाही. मग ओळीमागून ओळ कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डांची माळ यंत्रमागावर चढवायची. वडिलांनी तो नकाशा उचलला, चष्मा वर केला आणि विचारलं, “हे कशाचं डिझाईन?” मी म्हटलं, हे जमिनीखालचं तळघर, एक चौकट म्हणजे दहा फूट. त्यांनी बोटानं चौकटी मोजल्या आणि म्हणाले, “मग ही खोली साठ फुटाची. एवढ्या रुंदीला मधे खांब पाहिजे.” खांब त्यांनीच काढला. १९७४ च्या त्या पहिल्या खोक्यातल्या पुस्तिकेत खेळायला लागणाऱ्या सामानाची यादी आहे, तिच्यात चौकटीच्या कागदाचं नाव आहे आणि इंचाला सहा रेघा असलेला उत्तम, असंही लिहिलेलं आहे. आमच्या घरी त्या कागदाची रिमं पडलेली असायची. जगात दूर कुठेतरी लोक त्याच कागदावर तळघरं काढतात हे कळलं तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

आता अंकाकडे वळते.

या अंकातला मला सर्वांत आवडलेला लेख भाषांवरचा आहे. लेखिका ली गोल्ड. त्या शीर्षकातच विचारतात, हेच जरा जुन्या सर्पभाषेत पुन्हा सांगाल का? तळघरात माणसं, बुटके, परीकथांतले एल्फ, राक्षस, ड्रॅगन एकमेकांसमोर येतात, तेव्हा ते कोणत्या भाषेत बोलतात, हा त्यांचा विषय. मूळ नियमांत माणसांची एक सामाईक बोली आहे. त्याशिवाय ज्याची बुद्धी १० च्या वर, त्याला वरच्या प्रत्येक गुणामागे एक भाषा जास्त. म्हणजे बुद्धी १३ असेल तर सामाईक बोली सोडून आणखी तीन.

हा नियम मी शनिवारच्या मुलांना सांगितला. माझ्या माडीवर दर शनिवारी पाच मुलं खेळायला येतात. त्यातल्या एकीची आई विड्या वळते, शाळेत गेलेली नाही. घरात तेलुगू, कारखान्यात विड्या देताना मराठी, शेजारणीशी कन्नड, आणि तंबाखूवाल्याशी उर्दू. मुलीनं बोटं मोजली आणि म्हणाली, “अक्का, मग माझ्या आईची बुद्धी तेरा तरी असणार.” आईला घरी जाऊन तिनं ते सांगितलं. पुढच्या शनिवारी आई स्वतः जिन्यापर्यंत आली आणि तेरा म्हणजे किती पैकी तेरा, हे मला विचारून गेली. अठरापैकी, मी सांगितलं.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला हा लेख वेगळ्याच कानानं ऐकू येतो. इथं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एका वेळी तीन भाषांत भाव विचारले जातात. आमच्या खेळात आता बुटके तेलुगू बोलतात आणि डोंगरातले राक्षस कन्नड. एल्फ उर्दू बोलतात, कारण उर्दू येणारा मुलगा म्हणाला की ते लोक आदबीचे आहेत. ज्याला जी भाषा खरोखर येते तोच पुढे होऊन बोलतो. वर्गात गप्प बसणारा मुलगा राखणदाराशी कन्नडमध्ये दहा मिनिटं घासाघीस करतो आणि सगळ्यांना वाट मिळवून देतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या धड्यानं हे साधलं असतं, मला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट त्या अंकातल्या राक्षसाची. त्याचं नाव बुले. जमिनीखालून पोखरत येतो, पाठीवर माशासारखा पर, अंगावर कवच. बुटबैंगण हाफलिंग लोक त्याला फार आवडतात, एल्फ अजिबात नाही. तो संपादक कॅस्क यांनी स्वतः लिहिला, आणि त्याचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. त्या काळी तिकडच्या दुकानांत हाँगकाँगला बनलेल्या स्वस्त प्लास्टिक प्राण्यांच्या पिशव्या मिळत. त्यातले काही कोणत्याच प्राण्यासारखे दिसत नसत. गायगॅक्स यांच्या टेबलावर ते राक्षस म्हणून उभे राहिले. त्यांतूनच लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर आला, घुबड आणि अस्वल मिळून झालेला आऊलबेअर आला, आणि हा बुले आला.

हे वाचल्यावर मी त्या जानेवारीत मुलांना गड्ड्याला नेलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी : सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीला भरते, सात नंदीध्वज निघतात, आणि होम मैदानावर पाळण्यांचा आणि खेळण्यांचा बाजार बसतो, त्याला आम्ही गड्डा म्हणतो. प्रत्येक मुलाला वीस रुपये दिले आणि सांगितलं, कुणालाच ओळखता येणार नाही असा प्राणी आणा. एकानं पाच पायांचा हिरवा प्राणी आणला. साच्यातून शेपटी नीट सुटली नव्हती म्हणून ती पायासारखी दिसत होती. त्या प्राण्याचं नाव त्यांनी ठेवलं भेगाळ्या. तो एप्रिल-मे महिन्यांत काळ्या रानाला भेगा पडतात त्यांतून वर येतो, पाऊस पडला की मातीत मिटून जातो, आणि त्याला शेंगाच्या चटणीचा वास सहन होत नाही. तीन ओळींत त्यात हवामान आलं, माती आली, जेवण आलं. कॅस्क यांच्या बुलेशेजारी हा भेगाळ्या छापला तर तो कुठेही उणा दिसणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक सांगून ठेवते. सिद्धरामेश्वरांनी शहराभोवती स्थापलेली अडुसष्ट लिंगं नकाशावर मांडली की कुणाही सूत्रधाराचा हात शिवशिवेल. मुलांनीही विचारलं. आम्ही बसून बोललो आणि ठरवलं की जिथे लोक हात जोडतात तिथे खेळ मांडायचा नाही. तलाव, तट, गिरणीची चिमणी, माळढोकाचं नान्नजचं माळरान, हे आपलं. बाकीचं देवाचं. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी हा निर्णय स्वतः घेतला.

तिसरा लेख वेस्ली आयव्ज यांचा. या खेळात प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात : शक्ती, बुद्धी, शहाणपण, चपळाई, सोशिकपणा आणि छाप. तीन फासे टाकून प्रत्येक गुण ठरतो. पहिल्या नियमांत ज्याच्या-त्याच्या पेशाचा मुख्य गुण सोडला तर बाकीच्यांचा खेळात फारसा उपयोग नव्हता, ते कागदावर नुसते लिहिलेले राहत. आयव्ज यांनी फाशांची एक रीत सुचवली, जिच्यामुळे ते बाकीचे गुणही कामाला यावेत. आज गुण पारखायला फासा टाकणं ही या खेळातली अगदी रोजची गोष्ट आहे. मला इथे संपादकाचं कौतुक वाटतं. खेळ त्यांच्याच कंपनीचा, अंक त्यांच्याच कंपनीचा, आणि खेळात उणीव आहे असं सांगणारा लेख त्यांनी पहिल्याच अंकात छापला. आपल्यापैकी किती जण स्वतःच्या अंकातली उणीव स्वतःच्या अंकात छापतील?

जेम्स वॉर्ड यांचा जादू आणि विज्ञान एकत्र नांदतील का हा लेख वाचनीय आहे, लहान आहे. क्रमशः कादंबरी मात्र मला जमली नाही. ती गायगॅक्स यांनीच गॅरिसन अर्न्स्ट या टोपणनावानं लिहिली आहे, आणि खेळ घडवणारा माणूस गोष्ट सांगताना तितका रमलेला वाटत नाही. मी ती दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडली.

दोष आणखी आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. ज्याला खेळ आधीच येतो त्याच्यासाठीच हा अंक आहे. नवख्यानं सुरुवात कुठून करायची याचा त्यात पत्ता नाही. ली गोल्ड सोडल्या तर बहुतेक पुरुषांचंच जग. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे, शनिवारी संध्याकाळी उघडून थेट खेळायला घ्यावं असं एकही तयार साहस या अंकात नाही. ती उणीव त्यांची त्यांना कळली. १९८६ साली त्यांनी ‘डंजन’ नावाचं वेगळं मासिकच काढलं. त्यात साहसंच असत, आणि ती मुख्यतः वाचकांनी पाठवलेली. २००७ पर्यंत त्याचे १५० छापील अंक निघाले. शेवट नसलेल्या गोष्टींनी भरलेले १५० अंक, संपादकहो. प्रत्येक गोष्टीचा शेवट हजार घरांत हजार तऱ्हांनी झाला असेल.

मग मी आपल्याकडे का बघते? कारण आपल्याकडे किल्ला आहे.

या खेळाचं मूळ शोधत मागे गेलं की मातीपाशी पोचतो. गायगॅक्स यांच्या घरी तळघरात वाळूचं टेबल होतं. त्यावर वाळूचे डोंगर करून ते शिशाचे सैनिक लढवत. १९७१ साली त्यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत ‘चेनमेल’ हे त्या लढायांचे नियम छापले. मोठ्या लढाईत एक बाहुली म्हणजे वीस सैनिक असा हिशेब होता. त्याच पुस्तकाला शेवटी जादूगार आणि ड्रॅगन यांची पुरवणी जोडलेली होती. इकडे अर्नेसन यांच्याकडे टेबलावर किल्ल्याची प्रतिकृती होती. त्यांचे खेळाडू त्या किल्ल्याखालच्या कल्पित तळघरांत उतरू लागले. वीस सैनिकांची बाहुली एका माणसाची झाली. त्या माणसाला नाव मिळालं, घर मिळालं, भीती मिळाली. सगळा खेळ तिथून सुरू झाला.

आता आपली दिवाळी डोळ्यांपुढे आणा. वसुबारसेच्या आधीपासून अंगणात, गच्चीवर, सोसायटीच्या जिन्याखाली मुलं चिखल कालवतात. दगड रचतात, पोत्यावर माती थापतात, हळीव पेरतात. बुरूज, दरवाजा, भुयार, तळं, वर सिंहासन. मातीचे मावळे ओळीनं मांडतात. मग काय होतं? काही नाही. किल्ला चार दिवस उभा राहतो, पाहुणे ‘वा’ म्हणतात, फोटो निघतात, तुळशीच्या लग्नापर्यंत माती सुकते आणि मावळे पुन्हा खोक्यात जातात. त्या पहाऱ्यावरच्या मावळ्याचं नाव कुणी विचारत नाही. तो रात्री कशाला घाबरतो, गावाकडे त्याची कोण वाट बघतं, तटाखालच्या भुयारात त्यानं काय पाहिलं, हे कुणी विचारत नाही. लेक जिनिव्हातल्या लोकांनी वाळूच्या टेबलावर जे विचारलं ते आपल्या मुलांना किल्ल्यापाशी बसून विचारता येईल. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात काय येऊन पडलेलं असतं? तुमचा अंक.

म्हणून माझी मागणी आठ पानांची आहे. एका पानावर खेळ कसा खेळायचा ते. एका पानावर कोरं पात्र-पत्रक, कापून घेता येईल असं. मधल्या जोडपानावर किल्ल्याचा आणि भुयाराचा चौकटीतला नकाशा. उरलेल्या चार पानांवर साहस : कुठे काय दिसतं, कोण भेटतं, त्याला काय हवं आहे. आणि शेवटी शेवट नको. मावळ्यांचं साहस लिहायचं तर खऱ्या इतिहासातली माणसं आणि लढाया तशाच राहू द्याव्यात, आणि खेळ बिननावाच्या पहारेकऱ्यांचा, निरोप्यांचा, घोड्याच्या मोतद्दाराचा करावा. मोठ्यांच्या तोंडी आपण शब्द घालायचे नाहीत. लहानांच्या तोंडी मुलं स्वतःचे शब्द घालतील.

फाशांची अडचण पुढे करू नका. या खेळात लागणारा वीस बाजूंचा फासा सोलापुरात दुकानात मिळत नाही हे खरं, पण सुरुवातीला तो खेळ काढणाऱ्यांनाही सहज मिळत नव्हता. शाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीकडून ते फासे मागवत. १९७९ मध्ये तर फासे इतके अपुरे पडले की खेळाच्या खोक्यात आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले गेले. आमच्या माडीवर तांबोळ्याच्या १ ते २० या सोंगट्या स्टीलच्या डब्यात हलवून एक काढतात. प्रत्येक आकड्याला शंभरात पाच संधी, फाशाइतकीच. गुण ठरवायला तीन लुडोचे फासे पुरतात. तिन्ही मिळून १८ यायची शक्यता २१६ त एक, आणि १० किंवा ११ यायची २१६ त ५४. आजीच्या कवड्याही चालतात. सहा कवड्यांत तीन उताण्या ६४ पैकी २० वेळा पडतील, सहाही उताण्या एकदाच, कवडी दोन्ही अंगांना सारखीच पडते असं धरलं तर. ती सारखी पडत नाही, हे आमच्या एका मुलानं दोनशे वेळा कवड्या टाकून आणि वहीत नोंद करून शोधलं. त्याला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं.

कायद्याची अडचण असेल असं वाटत असेल तर तीही नाही. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या आत्ताच्या मालकांनी मूलभूत नियमांचा सुमारे ४०० पानांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय छापलं की त्याचं भाषांतर करता येतं, त्यात भर घालता येते, ते विकताही येतं. म्हणजे आपण मराठीत नियम छापले तर कुणाची परवानगी मागायला नको. अर्थात चारशे पानांची गरजही नाही. आमचे नियम एका पानावर बसतात.

वाचक हे स्वीकारतील का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा दिवाळीला फराळासोबत वाचायचं असतं हे तरी कुणाला ठाऊक होतं? शब्दकोडं आलं तेव्हा वाचकानं पेन्सिल हातात घेतली. चित्रकोडं आलं, तेव्हाही त्यानं ती खाली ठेवली नाही. मी फक्त चार जणांना एकत्र बसून पेन्सिल हातात घ्यायला सांगते आहे.

आणि लिहिणारे कुठून आणायचे? शाळांतून. हस्तलिखित काढायची सवय आपल्याकडे किती जुनी आहे! ज्या ली गोल्डबाईंचा उल्लेख मी वर केला, त्यांनी १९७५ साली ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. सभासदांनी आपापली पानं पाठवायची, त्यांनी ती एकत्र बांधून सगळ्यांना परत पाठवायची. आपलं हस्तलिखितच की ते! एकेका शाळेनं आपापल्या गावाचं एकेक भुयार पाठवलं तर पंढरपूरचं वाळवंट येईल, बार्शीची बाजारपेठ येईल, अक्कलकोटची वेस येईल. छापायला आपल्याला पानं पुरणार नाहीत.

चार वर्षांपूर्वीची बारा पानं मी आता आठ केली आहेत. खोल्या सातच्या पाच झाल्या, भेगाळ्या आत आला, राखणदाराला तिसरी भाषा मिळाली. गेल्या वर्षभरात ते साहस पाच वेगवेगळ्या टोळक्यांनी माझ्यासमोर खेळलं. दोन टोळक्यांनी बंद दार उघडलं. एकानं राखणदाराला सोबत घेऊन बाहेर आणलं आणि त्याला तलाव दाखवला. एक टोळकं पहिल्याच खोलीत कन्नड-मराठीच्या गोंधळात अडकून रात्री नऊपर्यंत तिथेच बसलं आणि खूश होऊन घरी गेलं. पाचवं टोळकं अजून आत आहे. त्यांच्या परीक्षा संपल्या की पुढे खेळतील.

ज्या संपादकांना हवी असतील त्यांना ती आठ पानं मी मानधनाशिवाय पाठवीन. दिवाळीचे अंक आषाढापासूनच बांधायला घेतात हे मला माहीत आहे, म्हणून पत्र आत्ताच लिहिलं. नकाशा वडिलांनी जॅकार्डच्या ग्राफवर काढला आहे, साठ फुटांच्या खोलीत खांबासकट. एकाच काळ्या शाईत आहे, त्याला रंगीत पान लागणार नाही. फक्त छापताना तो लहान करू नये. चौकट बोटाच्या नखाएवढी राहिली तरच मुलांना तीत मावळा उभा करता येतो.

आपली नम्र,
जॅकार्डच्या ग्राफवाल्यांची मुलगी,
पूर्व भाग, सोलापूर